नागापूर परिसरातील उन्हाळा : ऋतुमान, शेती व सण

नागापूर परिसरातील उन्हाळा : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीना नदीकाठी नागापूर हे गाव वसले आहे. आज ते औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नगर तालुक्यातील इतर गावांप्रमाणेच तेथील जीवन कोरडवाहू शेतीवर अवलंबून होते. चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाचा पूर्वार्ध, म्हणजे साधारणपणे मार्चअखेरपासून मृग नक्षत्रापर्यंतचा काळ, या भागात उन्हाळा म्हणून ओळखला जातो. पंचांगाप्रमाणे यांपैकी पहिले दोन महिने वसंत ऋतूचे असले, तरी पठारावरील शेतकरी वर्षाचे पावसाळा, हिवाळा व उन्हाळा असे तीनच भाग मानतो. शेतात उभे पीक नसल्याने हा काळ रिकामपणाचा होता, अशी समजूत आढळते. वस्तुतः गावाच्या आर्थिक व सामाजिक जीवनातील अनेक महत्त्वाचे व्यवहार याच काळात पार पडत. सरत्या वर्षाचा हिशेब, नव्या वर्षाचे करार आणि येणाऱ्या पावसासाठी जमिनीची सिद्धता ही तिन्ही कामे या दोन-अडीच महिन्यांत उरकावी लागत. या मुदतीच्या कालखंडाचा इतिहास म्हणजे एका अर्थाने या परिसराच्या शेतीचाच इतिहास होय.

हवामान : नगरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मी. उंचीवर असून सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यातील घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस पडतो. मात्र नगर, पारनेर, कर्जत, जामखेड या तालुक्यांत तो सर्वसाधारणपणे ५०० ते ६०० मिमी.च्या आसपास असतो आणि त्याचे प्रमाण फार अनिश्चित असते. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे तापमान ३८° ते ४०° से.पर्यंत, क्वचित त्याहूनही वर जाते. हवा कोरडी व भूप्रदेश उंच असल्याने रात्री मात्र सुसह्य असतात. काळ्या जमिनीला या दिवसांत खोल भेगा पडतात. सीनेचा एक उगम नगरच्या पश्चिमेस जामगावजवळ, तर दुसरा ईशान्येस जेऊरजवळ आहे. उगम जवळ असल्याने नागापूर येथे नदीचे पात्र लहान असून पूर्वी ते उन्हाळ्यात बहुधा कोरडेच राही.

मेमध्ये दुपारनंतर ढग जमून गडगडाटासह जो पाऊस पडतो त्यास वळीव म्हणतात. तो एका शिवारात पडतो आणि शेजारचे शिवार कोरडे राहते. नांगरलेली ढेकळे फुटण्यास तो उपकारक असतो. मात्र खळ्यावरील धान्य, कडब्याच्या गंजी व काढलेला कांदा यांचे त्याने नुकसान होते. शेतकऱ्यांचे पावसासंबंधीचे आडाखे सूर्यनक्षत्रांवर आधारलेले आहेत. सूर्य एप्रिलच्या मध्यास अश्विनी, एप्रिलअखेर भरणी, ११ मेच्या सुमारास कृत्तिका, २५ मेच्या सुमारास रोहिणी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्रात प्रवेश करतो. रोहिणीत पुरेसा पाऊस झाल्यास पेरणी लवकर साधते. मात्र मृगाचा पाऊस हाच खरा पेरणीचा पाऊस समजला जातो.

कालगणना व महसुली वर्ष : मृग नक्षत्राचे हे महत्त्व केवळ शेतीपुरते मर्यादित नव्हते. बहमनी, निजामशाही व मराठी राजवटींच्या कागदपत्रांतून आढळणारा शुहूर सन सूर्याच्या मृगप्रवेशापासून सुरू होत असे. म्हणूनच त्याला ‘मृगसाल’ असेही नाव पडले. सतराव्या शतकात, शाहजहानच्या काळात दख्खनमध्ये रूढ झालेला फसली सनही मृगापासूनच मोजला जाई. हिजरी वर्ष चांद्र असल्याने त्याचे महिने ऋतूंमधून फिरत राहतात. पिकांवर आधारलेल्या सारावसुलीस ते गैरसोयीचे होते. यामुळे हिजरी सनाशी नाते राखूनही ऋतूंशी बांधलेले वर्ष कारभारासाठी स्वीकारण्यात आले. परिणामी धार्मिक वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेस आणि सरकारी वर्ष मृगास, अशा दोन वर्षारंभांच्या मध्ये उन्हाळा येई. गावचे कुलकर्णी सरत्या सालाची बाकी याच काळात काढत. चैत्र-वैशाखात हिशेबाचा जो ताण गावात जाणवे, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे.

शेतीची कामे : या भागातील मुख्य रब्बी पीक शाळू (रब्बी ज्वारी) हे असून त्याची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्याच सुमारास हरभरा, गहू व करडई ही पिकेही निघतात. पूर्वी मळणीचे काम चैत्रापर्यंत चाले. खळ्याच्या मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवीत आणि दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की धान्य उफणीत. खळे हे केवळ धान्य तयार करण्याचे ठिकाण नव्हते. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार इ. बलुतेदारांचा वर्षाच्या कामाचा मोबदला धान्याच्या रूपाने तेथेच मोजला जाई. रास घरी जाण्यापूर्वी गावाच्या श्रमव्यवस्थेचा हिशेब खळ्यावर पुरा होई. पीक बुडाले की शेतकऱ्याबरोबरच बलुतेदारही उपाशी राहत. दुष्काळात गावे उठून जात, त्याचे हे एक कारण होते.

खळी उरकली की नांगरट सुरू होई. भारी काळ्या जमिनीत लाकडी नांगराला सहा ते आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका कुटुंबाकडे क्वचितच असल्याने शेजारी एकमेकांच्या औतांना बैल देत. या सहकार्यास सावड म्हणतात. उन्हाळी नांगरटीचा उद्देश केवळ जमीन मोकळी करणे एवढाच नाही. उलटलेली ढेकळे उन्हात तापल्याने हरळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांच्या मुळ्या व काशा वाळतात, जमिनीतील किडींचे कोष उघडे पडून नष्ट होतात आणि पहिला पाऊस जमिनीत अधिक मुरतो. नांगरटीनंतर धसकटे व काशा वेचणे, शेणखत गाड्यांनी शेतात टाकणे, बांध व ताली दुरुस्त करणे आणि शेवटी कुळवणी, असा कामाचा क्रम असे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे तयार केलेला लोखंडी नांगर पुढे दख्खनमध्ये प्रसार पावला. ट्रॅक्टर आल्यानंतर अनेक दिवसांची नांगरट काही तासांची झाली. त्याचबरोबर सावडीची गरजही ओसरली.

सालदाराचा करारही याच काळातला. वर्षभरासाठी ठरविलेला शेतमजूर म्हणजे सालदार. त्याचे साल गुढीपाडव्यास, तर काही भागांत अक्षय्य तृतीयेस संपे व सुरू होई. वर्षाची रक्कम, धान्य, कपडे, पायताण व उचल या बाबी त्या दिवशी ठरत. जुनी उचल फिटली नसेल तर मालक बदलणे सालदारास अवघड होई. मराठी नववर्षाचा सण हा अनेक कुटुंबांना अशा प्रकारे बंधनातून मोकळे होण्याचा किंवा पुन्हा बांधले जाण्याचाही दिवस होता.

बागा व बागाईत : अहमदनगर शहराच्या स्थापनेचा संबंध उन्हाळ्याशी व बागेशी असणे हा लक्षणीय योगायोग आहे. अहमद निजामशाह याने बहमनी सरदार जहांगीरखान याचा भिंगारजवळ पराभव केला. या विजयाची तारीख २८ मे १४९० अशी दिली जाते आणि त्याच दिवशी शहराचा स्थापनादिन साजरा होतो. रणभूमीवर अहमदने वाडा बांधून बाग लावली व तिला ‘बाग निजाम’ असे नाव दिले. त्यामुळे ही लढाई ‘बागेची लढाई’ म्हणून प्रसिद्ध झाली. पुढे त्याच जागी किल्ला उभा राहिला. शहराच्या उत्तरेस, नागापूरपासून जवळच, सोळाव्या शतकाच्या आरंभी ‘हश्त बिहिश्त’ (आठ स्वर्ग) ही बाग तयार करण्यात आली. आजचे भिस्तबाग हे नाव तिच्यावरून आले. आग्नेयेकडील फराहबागेचा महाल मुर्तजा निजामशाहाच्या कारकीर्दीत (१५६५–८८) १५८३ मध्ये पूर्ण झाला. हा महाल विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी असून जाड भिंती, उंच दालने आणि सभोवारचे पाणी यांमुळे उन्हाळ्यातही तो थंड राही. या बागांना व शहराला डोंगरपायथ्याच्या विहिरींपासून खापरी नळांनी पाणी आणले होते. कमी पावसाच्या पठारावर वैशाखातही कारंजी उडावीत यासाठी केलेली ही योजना दख्खनमधील जलव्यवस्थापनाच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते. राज्य लयास गेल्यावर बागा उजाड झाल्या. काही नळांचा उपयोग मात्र नंतरही दीर्घकाळ होत राहिला.

या किल्ल्यात आधुनिक काळातही एक बाग फुलली. ९ ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य तेथे स्थानबद्ध होते. जवाहरलाल नेहरूंनी कैदखान्याच्या उघड्या आवारात जमीन खणून फुलांचे वाफे तयार केले. खणताना त्यांना जुन्या बांधकामाचे अवशेष आढळले. ‘भारताचा शोध’ हा त्यांचा ग्रंथ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत याच ठिकाणी लिहिला गेला.

सामान्य शेतकऱ्याची बागाईत मोटेच्या विहिरीवर चाले. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की भाजीपाल्याचे वाफे कमी करून जनावरांचा हिरवा चारा व थोडी फळझाडे जगविण्यावर भर दिला जाई. मोठ्या नद्यांच्या कोरड्या पात्रात वाळूत खड्डे घेऊन कलिंगड व खरबूज यांचे वेल लावीत; हे पीक पुरापूर्वी, म्हणजे मेअखेर उरकावे लागे.

फळबागांतील ‘ताण’ ही या ऋतूतील वैशिष्ट्यपूर्ण पद्धत आहे. मोसंबी, संत्रे, डाळिंब, लिंबू इ. झाडांना वर्षातून आंबे, मृग व हस्त असे तीन बहार येऊ शकतात. त्यांपैकी एक निवडून धरला जातो. मृग बहार धरावयाचा असल्यास एप्रिल-मेमध्ये बागेचे पाणी तोडतात. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना-दीड महिना ताण दिल्याने झाडाची वाढ थांबते, पाने गळतात व फांद्यांत अन्नसाठा होतो. मृगाचा पाऊस पडताच किंवा पाणी देताच झाड एकदम फुलावर येते. पाणी जेव्हा सर्वांत दुर्मिळ असते तेव्हाच झाडाला त्याची गरज कमी ठेवणारी ही पद्धत पठाराच्या हवामानाला अनुरूप आहे. ताण प्रमाणाबाहेर गेला तर मात्र फांद्या वाळतात व कधी झाडही मरते. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात (स्थापना १९६८) कोरडवाहू शेती व फळझाडे यांवर संशोधन चालते. ‘साई सरबती’ हा कागदी लिंबाचा वाण तेथेच विकसित झाला.

सण, यात्रा व सुटी : शेतात उभे पीक नाही, घरात रब्बीचे धान्य आहे आणि रस्ते कोरडे आहेत, या तिन्ही कारणांनी लग्ने व यात्रा उन्हाळ्यात येतात. पाथर्डी तालुक्यातील मढी येथील कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. रंगपंचमीस तेथे भटक्या जमातींचा मोठा मेळावा जमतो व गाढवांचा बाजार भरतो. शिर्डी येथे १८९७ मध्ये सुरू झालेल्या उरुसाची सांगड पुढे रामनवमीशी घालण्यात आली. चैत्र-वैशाखात बहुतेक गावांत ग्रामदैवताची यात्रा असते. पालखी, छबिना, शेरणी वाटणे, कुस्त्यांचा हगामा आणि रात्री तमाशा हा तिचा सर्वसाधारण क्रम होय. तमाशाचे फड ठरविण्यासाठी गावोगावचे पुढारी पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे जमतात. फडांचा हंगाम बुद्धपौर्णिमेच्या आसपास सरतो. म्हणजे करमणुकीचे करारही याच मुदतीत होतात. यात्रेतील बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये न्यायालयीन बंदी आली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरविला.

घरगुती सणांवरही ऋतूचा ठसा आहे. पाडव्यास कडुलिंबाची कोवळी पाने खातात. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते व त्यात कैरीची डाळ, पन्हे, भिजविलेले हरभरे देतात. अक्षय्य तृतीयेस (बोलीत आखिती, आखाजी) पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला मातीचा घट पुजून दान देतात व आमरसाचे जेवण करतात. तहानेच्या दिवसांत पाण्याचे दान श्रेष्ठ मानावे, यात धर्म व हवामान यांचा मेळ दिसतो. नगर शहर हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे केंद्र असल्याने गुड फ्रायडे व ईस्टर हेही येथील वसंतातील महत्त्वाचे दिवस आहेत. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती व १ मे हा महाराष्ट्र दिन (१९६० पासून) यांची भर विसाव्या शतकात पडली. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे ३१ मे १७२५ रोजी जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर यांची जयंती मेअखेर साजरी होते. २०२४ मध्ये जिल्ह्यास त्यांचे नाव देण्यात आले.

साखर कारखानदारीने या ऋतूला आणखी एक अर्थ दिला. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले आणि पुढे जिल्ह्यात कारखाने वाढले. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात व गाळप संपल्यावर उन्हाळ्यात घरी परततात. लग्ने, यात्रा व घरदुरुस्ती यांसाठी त्यांना हेच काही आठवडे मिळतात आणि मुकादमाकडून पुढील हंगामाची उचलही पावसाळ्याच्या तोंडावर घ्यावी लागते. सालदाराच्या कराराचा जुना प्रश्न येथे नव्या रूपात आढळतो.

कर्ज व १८७५ चे दंगे : हिशेबाच्या या ऋतूतच शेतकऱ्यांच्या असंतोषाचा उद्रेक झाला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) चढलेले कापसाचे भाव युद्धानंतर कोसळले; त्यातच सरकारने फेरआकारणीत सारा वाढविला आणि सावकारांनी कर्जे आखडली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. लवकरच हे लोण नगर जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर, नगर, कर्जत या भागांत पोहोचले. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, खाती व हुकूमनामे मिळवून ते जाळण्यात आले. पेरणीसाठी बी व बैल यांची गरज असताना नवे कर्ज मिळण्याचा मार्ग बंद झाल्याची जाणीव मेमध्ये सर्वाधिक तीव्र असे. दंगे याच महिन्यात का झाले, याचा उलगडा त्यावरून होतो. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ मध्ये दख्खनमधील शेतकऱ्यांस साहाय्य देणारा कायदा संमत झाला.

दुष्काळातील उन्हाळा : खरीप व रब्बी दोन्ही बुडाल्यास त्याची खरी झळ पुढील उन्हाळ्यात लागे. १८७६–७८, १८९६–९७, १८९९–१९०० आणि १९१८ या दुष्काळांचा जिल्ह्यास मोठा तडाखा बसला. यांपैकी पहिल्या दुष्काळात दौंड–मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर दुष्काळग्रस्तांना काम देण्यात आले. १८७८ मध्ये सुरू झालेला हा मार्ग नगरहून उत्तरेस विळद, वांबोरी, राहुरी असा जातो. ज्या मार्गाने पुढे या परिसरातील माल व माणसे बाहेर गेली, त्याचा भराव अशा प्रकारे भुकेल्या माणसांनी घातला होता.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात धान्यापेक्षाही कामाचा व पाण्याचा प्रश्न बिकट झाला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर पोहोचली. खडी फोडणे, रस्ते बांधणे व पाझर तलाव खोदणे ही कामे नगर जिल्ह्यातही मोठ्या प्रमाणावर झाली. ज्या महिन्यांत शेतकरी स्वतःच्या शेताची नांगरट व बांधबंदिस्ती करावयाचा, त्याच महिन्यांत तो सरकारी कामावर मजूर म्हणून उभा राहिला. या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आली. तिच्या १९७७ च्या कायद्याने ग्रामीण भागातील प्रौढास मागणी केल्यास अंगमेहनतीचे काम मिळण्याचा हक्क दिला, आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्यास ती पूर्वोदाहरण ठरली.

बदलते स्वरूप : भंडारदरा धरण (१९२६), त्यानंतरचे मुळा धरण व त्यांचे कालवे यांमुळे जिल्ह्याच्या उत्तर भागात उन्हाळा हिरवा झाला, नगर शहरासही पुढे मुळा धरणाचे पाणी मिळू लागले. नगर तालुक्याचा बराचसा भाग मात्र विहिरी व नंतर विंधनविहिरी यांवर अवलंबून राहिला. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी व नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावांनी पाणलोट विकासाची कामे करून उन्हाळ्यातील टंचाईवर मात केली. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची व शेतीसाठी विंधनविहीर न घेण्याची शिस्त पाळली. धान्याच्या हिशेबाची जागा येथे पाण्याच्या हिशेबाने घेतली, असे म्हणता येईल.

नागापूर येथे औद्योगिक वसाहत झाल्यावर शेतजमिनीचा मोठा भाग कारखाने व वस्तीखाली गेला आणि गाव शहराच्या हद्दीत सामावले. कामगाराचे वर्ष एप्रिल-मार्चचे, तर विद्यार्थ्याची सुटी एप्रिलअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंतची; मृगाशी दोघांचाही प्रत्यक्ष संबंध उरलेला नाही. तरीही ग्रामदैवताची यात्रा व लग्नसराई आपल्या जुन्या काळीच येते, कारण त्यांची स्थाने पंचांगाने व रूढीने पक्की केली आहेत.

हवामानातील बदलांमुळे या काळाची मुदतच अनिश्चित होऊ लागली आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने जिल्ह्यातील रब्बी पिके व फळबागा यांची मोठी हानी केली. उन्हाळी कांदा हे आता महत्त्वाचे नगदी पीक असून तो काढून चाळीत भरण्याच्या वेळीच वळीव आला तर तो सडतो. २०२५ साली मेमध्ये राज्यात मोठा पाऊस झाला व नैर्ऋत्य मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईत पोहोचले. लवकर आलेला पाऊस वरकरणी सुखद वाटला, तरी नांगरट, कुळवणी व खत टाकणे ही कामे अपुरी राहिलेल्या शेतकऱ्यास तो अडचणीचा ठरला. ताणावर सोडलेल्या बागांचा ताणही त्याने अकाली मोडला. शेकडो वर्षे या परिसरातील सारा, सालदारी, बलुते, लग्ने व यात्रा यांची रचना दोन-अडीच कोरड्या महिन्यांच्या भरवशावर उभी होती. पाऊस किती पडतो याइतकेच तो पडण्यापूर्वी तयारीला किती अवधी मिळतो, यावरही पठाराची शेती अवलंबून आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.